वादळाचे पोट खालून पाहावे लागते

भोपाळपासून सुमारे 50 किलोमीटरवर, सीहोर जिल्ह्यातल्या सीलखेडा इथे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संशोधन केंद्र मार्च 2024 मध्ये सुरू झाले. समुद्रापासून इतक्या दूर वादळांचा अभ्यास कसला, ही शंका रास्त आहे. पण पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची तीव्र क्षेत्रे पश्चिमेकडे सरकत मध्य प्रदेशावर येतात. ऑगस्ट 2022 मध्ये अशाच एका क्षेत्राने भोपाळला झोडपले. चक्रीवादळ म्हणवून घ्यायला ताशी 62 किलोमीटरचा वारा लागतो. पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे उलट दिशांना वाहून ढगांची उतरंड विस्कटतात, म्हणून ही क्षेत्रे सहसा तिथवर पोचत नाहीत. त्यांना चक्रीवादळासारखा डोळाही नसतो. पण हिमकण वितळून थेंब होणे, थेंब एकमेकांत मिसळणे, वाटेतच त्यांचे बाष्प होणे, या क्रिया दोन्हींत घडतात.

उपग्रह आहेत ना, असे कोणी म्हणेल. उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात मुख्यतः ढगांचे माथे दिसतात. दूरच्या रडारलाही मर्यादा आहे: अर्ध्या अंशाने वर झुकलेला किरण 200 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच गेलेला असतो. शिवाय रडारचा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. तीन मिलिमीटरचा एकच थेंब एक मिलिमीटरच्या 729 थेंबांएवढा प्रतिध्वनी देतो. पाणी मात्र 27 थेंबांएवढेच. म्हणजे थेंबांचे आकार ठाऊक नसतील तर पावसाचा अंदाज फसणारच. मोठे थेंब पडताना चपटे होतात, म्हणून आडव्या आणि उभ्या लहरींचे प्रतिध्वनी ताडून त्यांचा आकार कळतो. सीलखेड्याला असे रडार आहे; आभाळाकडे सरळ रोखलेले लहान पर्जन्यरडार थेंबांचा वेग मोजते. सूक्ष्म ढगकण टिपणारे रडार मुसळधार पावसात आंधळे होते, म्हणून एकाच यंत्रावर विसंबून चालत नाही.

एका जागेवरून अख्खे वादळ समजणार नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच अशी जोडणी किनाऱ्यावरही हवी. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. तशा वादळाचे खालचे एक-दोन किलोमीटर, जिथे घरांची छपरे आणि नारळी-पोफळी असतात, दूरच्या रडारच्या किरणाखालून निसटतात. श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात आभाळाकडे रोखलेली अशी चार-दोन यंत्रे बसवणे हा माझ्या मते पुढचा तातडीचा खर्च आहे.