संगणकाचा पडदा उजळला नाही तर

उबंटू या कार्यप्रणालीची दीर्घकाळ पाठबळ मिळणारी नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिल महिन्यात प्रसिद्ध होते. शाळेच्या संगणकावर ती चढविल्यानंतर बहुधा सारे सुरळीत चालते. क्वचित मात्र यंत्र सुरू होते, पंखा फिरू लागतो आणि पडदा काळाच राहतो. ‘सर्व पुसून नव्याने बसवा’ असा सल्ला देणारे अशा वेळी तत्काळ भेटतात. तो मानण्याची घाई करू नये. डिस्क पुसली म्हणजे तीवरील हजेरी, निकालपत्रके व मुलांनी केलेली चित्रे ही सर्व नाहीशी होतात.

वस्तुतः चित्रमय पडदा हा संगणक सुरू होण्यातील अगदी शेवटचा टप्पा होय. प्रथम ग्रब नावाचा लहानसा प्रोग्राम चालतो. तो कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, स्मृतीत आणतो. कर्नेल डिस्क, कळफलक इत्यादींना कामास लावतो आणि सर्वांच्या मागून डिस्प्ले मॅनेजर प्रवेशाचे चित्र दाखवितो. रंगमंचाचा पडदा अडकला म्हणून नाटकमंडळी गावात आलीच नाही, असे कोणी म्हणत नाही. तसेच हे आहे.

खात्री करून घेण्यासाठी कंट्रोल व ऑल्ट या कळा दाबून धरून एफ-३ ही कळ दाबावी. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली, तर कर्नेल शाबूत आहे व बिघाड केवळ चित्राच्या बाजूस आहे, असे समजावे. येथे परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. कळफलक बंद पडला असे वाटून पुष्कळजण येथूनच परततात!

या बिघाडाचे एक नेहमीचे कारण एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाशी निगडित असते. इंटेल व एएमडी यांच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो, आणि त्याचा कर्नेलशी जोडला जाणारा भाग प्रत्येक कर्नेलला जुळेल असाच असावा लागतो. नवा कर्नेल आला आणि त्याच्याजोगा भाग तयार झाला नाही, की कुलूप बदलले व किल्ली जुनी राहिली अशी अवस्था होते.

यावर उपाय असा. यंत्र पुन्हा सुरू करताना एस्केप कळ, जुन्या यंत्रांत शिफ्ट कळ, दाबून ग्रबची यादी आणावी. तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीखाली जुना कर्नेल सामान्यतः शिल्लक असतो, तो निवडावा. चित्र आले तर दोष नव्या कर्नेलशी न जुळलेल्या ड्रायव्हरचा, हे जवळजवळ निश्चित झाले. मग प्रथम शाळेची कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. त्यानंतर इंटरनेट जोडून ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा, अर्थातच रोमन लिपीत, द्यावी व यंत्र पुन्हा सुरू करावे.

जुन्या कर्नेलनेही चित्र न आल्यास डिस्क भरली आहे काय, ते पाहावे. ‘डीएफ -एच’ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते. जागाच नसेल तर प्रवेशाचे चित्र येऊ शकत नाही. चढविण्याचे काम वीज गेल्याने अर्धवट राहिले असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या आज्ञेने ते पुढे चालू होते.

काहीच साधले नाही, तरी कागदपत्रे वाचविता येतात. उबंटूच्या स्थापनेचा पेनड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून सुरू करावे. यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असे लिहिलेली ओळ असते, ती अशा वेळी उपयोगी पडते. पुढे ‘ट्राय’ म्हणजे ‘वापरून पाहा’ हा पर्याय घ्यावा, ‘इन्स्टॉल’ हा घेऊ नये. डिस्कवरील फाइली समोर उघडतात. त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्याव्या.

अनेक वर्षांच्या यंत्रांत आणखी एक अडचण आढळते. पूर्वी कोणी हाताने लिहिलेली ‘झॉर्ग.कॉन्फ’ नावाची फाइल जुन्या कार्डाची किंवा जुन्या पडद्याची मापे सांगत राहते आणि नवी प्रणालीही कधी कधी ती निमूटपणे पाळते. ती फाइल पुसू नये. नाव बदलून बाजूस ठेवावी व यंत्र पुन्हा सुरू करावे.