पिशवी काढली, आता भीती कसली?

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत किंवा फडावर, बायकांच्या बोलण्यात एक खात्री हमखास ऐकू येते: पिशवी काढून टाकली की कॅन्सरची कटकट मिटली. ही समजूत महागात पडते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समितीही नेमली. अनेकींना कॅन्सरचीच भीती घातलेली होती.

पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशयं वेगळी. पिशवी काढताना ती बऱ्याचदा जागेवरच ठेवतात, म्हणजे त्यांच्या कॅन्सरचा धोका राहतोच. आणि तिशीतच अंडाशयंही काढली, तर पाळी अवेळी संपते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. सर्वसाधारण बाईला अंडाशयाचा कॅन्सर आयुष्यात शंभरात एखादीला होतो. तेवढ्यासाठी हा सौदा परवडणारा नाही.

बीआरसीए नावाच्या जनुकांत दोष असलेल्यांची गोष्ट निराळी. बीआरसीए-१ मध्ये हा धोका शंभरात चाळीसच्या आसपास जातो. त्यांना मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० वयात, अंडाशयं आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. हा दोष फक्त आईकडून येतो असं नाही, वडिलांकडूनही येतो. म्हणून आत्यांची चौकशीही करा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात जनुक तपासणीचा विभाग आहे.

गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅन्सर होतो, हीसुद्धा अर्धवट माहिती. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळ्या चालू असताना किंचित वाढतो, पण पाचेक वर्षं घेतल्यास अंडाशयाच्या कॅन्सरचा बराच कमी होतो आणि हा लाभ पुढे बरीच वर्षं टिकतो. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. रक्तदाब असेल, पायात गुठळी झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाळंतपण आणि अंगावर दूध पाजणं यांनीही धोका उतरतो. कुटुंबनियोजनाच्या टाक्याच्या किंवा बिनटाक्याच्या ऑपरेशननेही उतरतो, कारण या कॅन्सरचा सर्वांत घातक प्रकार बहुतेकदा नलिकेच्या टोकाशी सुरू होतो.

पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते. अंडाशयाबद्दल ती काही सांगत नाही. काहीच त्रास नसताना दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करूनही उपयोग नाही. ब्रिटनमधल्या दोन लाख स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्ये जाहीर झालं. त्रास असेल तर मात्र थांबू नका. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला होणं हे दोन-तीन आठवडे रोज चाललं असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर न भागवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.