मंद आंचेवरची न्याहारी

विरार पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशीं आणि पापडखिंडीच्या धरणाजवळ फुलपाडा आहे. एके काळचें हें खेडें आतां इमारतींनीं भरलें आहे, आणि त्या इमारतींतील स्वयंपाकघरांचे दिवे पहाटे चारपासूनच लागूं लागतात. विरारपासून चर्चगेटपर्यंतचें अंतर सुमारें 60 किलोमीटर. दहाला कचेरींत हजर व्हावयाचें तर घर आठच्या आंत सोडावें लागतें, आणि गाडींत बसावयास जागा हवी असेल तर त्याच्याही पुष्कळ आधीं. घरांतील दोघेंही नोकरीस जाणारीं असलीं म्हणजे डब्याची पोळीभाजी कशीबशी होते. राहते ती न्याहारी. ती एक तर चुकते, नाहीं तर स्टेशनावरच्या वडापावावर भागते. ती चुकूं नये म्हणून घरांतलें कोणी तरी, आणि तें कोणी तरी म्हणजे बहुधा गृहिणीच, आणखी अर्धा तास लौकर उठतें. या अर्ध्या तासाच्या झोपेची किंमत कोणत्याही घरच्या हिशेबाच्या वहींत मांडलेली आढळत नाहीं.

अशा घरांत 'स्लो कुकर' नांवाचें विजेचें भांडें आलें, कीं त्याच्याकडून पहिली अपेक्षा हीच असते, कीं रात्रीं त्यांत सर्व कांहीं भरून निजावें आणि सकाळीं झांकण उघडून वाफाळती न्याहारी वाढून घ्यावी. अमेरिकेंत या भांड्यांत पाव, दूध आणि अंडीं यांचा एक पदार्थ करतात. त्यास 'फ्रेंच टोस्ट कॅसरोल' असें म्हणतात. आपल्याकडे अंड्यादुधांत बुडवून तव्यावर परतलेला गोड पाव पुष्कळ घरांत होतो. त्याचाच हा थरावर थर रचून शिजविलेला भाऊबंद. पदार्थ चांगला आहे, सोपा आहे आणि स्वस्तही आहे. परंतु 'रात्रीं लावा आणि सकाळीं खा' हें वचन त्याच्या बाबतींत कितपत खरें ठरतें, हें नीट तपासून पाहिलें पाहिजे.

शिळें अन्न टाकूं नये, ही शिकवण सर्व मुलुखांत आहे. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, गूळतूप घालून लाडू होतो. युरोपांत तीच गत शिळ्या पावाची. अपिकियसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकसंग्रहांत दुधांत भिजवून तळलेल्या आणि मध घातलेल्या पावाची कृति आहे. फ्रेंच लोक या पदार्थास 'पॅं पेर्द्यू', म्हणजे 'वायां गेलेला पाव', म्हणतात. पोर्तुगालमध्यें नाताळांत 'राबानादा' या नांवानें तो होतो. वसईच्या परिसरास पोर्तुगीज परका नव्हे. 1534 च्या तहानें वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 त चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. ते गेले, पण त्यांचा 'पांव' हा शब्द आणि ती वस्तु मागें राहिली. आज सकाळीं दारावर येणाऱ्या लादीपावाचें नांव त्यांच्याच भाषेंतलें आहे.

मंद आंचेवर अन्न शिजत ठेवण्याची कल्पनाही अमेरिकेची मक्तेदारी नाहीं. पालघर-डहाणूकडे उकडहंडी करतात तीं माणसें कंदमुळें आणि शेंगा मडक्यांत भरून, पाल्यानें तोंड बंद करून विस्तवांत ठेवतात आणि मग मडक्यास हात लावीत नाहींत. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं 1910 च्या सुमारास 'इकमिक कुकर' काढला. खालीं थोडे निखारे, वर वाफेवर एकावर एक डबे, आणि कांहीं तासांनीं सर्व जेवण तयार. आजच्या विजेच्या भांड्याचा जनक आयर्व्हिंग नॅक्सन. त्यास 1940 सालीं या भांड्याचें पेटंट मिळालें. त्याच्या आईनें त्याला आपल्या लिथुआनियांतील गांवची हकीकत सांगितली होती. ज्यू लोक शनिवारीं विस्तव पेटवीत नाहींत, म्हणून शुक्रवारीं सायंकाळीं भरलेलीं भांडीं भट्टीवाल्याच्या निवत्या भट्टींत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशीं ऊन जेवण घरीं नेत. आपल्या कोंकणांतल्या बेने इस्रायलांस 'शनिवार तेली' हें नांव पडलें तें याच शनिवाराच्या सुटीमुळें, हें येथें सहज आठवतें. पुढें नॅक्सनचा धंदा दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतला आणि 1971 पासून 'क्रॉक-पॉट' या नांवानें तें भांडें घरोघर गेलें. पण त्या भट्टींत रात्रभर शिजे तें मांस, कडधान्य आणि जव. त्यांस रात्रभराची आंच मानवते. अंड्यादुधाचें तसें नाहीं, आणि सगळी अडचण येथेंच आहे.

ही अडचण समजावयास खरवसाचें उदाहरण पुरेसें आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक वाफेवर ठेवला कीं थिजतो, साधें दूध मात्र कितीही उकळलें तरी थिजत नाहीं. याचें कारण असें, कीं चिकांत उष्णतेनें घट्ट होणारीं प्रथिनें विपुल असतात, साध्या दुधांत तीं थोडीं. अंडें हें साध्या दुधाला चिकाचा गुण आणून देतें. नुसतें अंडें 62 ते 70 अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान घट्ट होतें. दूध आणि साखर मिसळली म्हणजे तीच क्रिया 80 ते 85 अंशांपर्यंत लांबते. तेथें थांबलें तर मऊ, थरथरणारी वडी मिळते. त्यापुढें आंच चालूच राहिली तर प्रथिनांचें जाळें आवळतें आणि धरून ठेवलेलें पाणी बाहेर पडतें. खरवस फार वेळ वाफेवर राहिला तर त्यास जाळी पडून पाणी सुटतें, तोच हा प्रकार. स्लो कुकरची 'लो' आणि 'हाय' हीं दोन्ही बटणें शेवटीं पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळच नेऊन पोंचवितात. फरक इतकाच, कीं एक लौकर नेतें आणि दुसरें सावकाश. म्हणून रात्रीं दहाला लावलेला हा पदार्थ पहाटे पांचपर्यंत चालू राहिला, तर कडा करपतात, मध्य चिवट होतो आणि तळाशीं पाणी सांचतें. त्यास लागतात फक्त तीन ते चार तास.

यावर कोणी सुचवील, कीं घड्याळी बटण लावावें, म्हणजे कुकर रात्रीं एकला आपोआप सुरू होईल आणि पांचाला बंद. युक्ति सुबक दिसते, पण ती धोक्याची आहे. कच्चें अंडें आणि दूध यांत जंतूंची वाढ 5 ते 60 अंशांच्या दरम्यान झपाट्यानें होते. असें अन्न या उष्णतेंत दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि भोंवतालची हवा 32 अंशांवर असेल तर एका तासापेक्षांही अधिक नको, असा नियम सांगतात. विरारची मे महिन्याची रात्र ज्यांनीं काढली आहे त्यांस तो वेगळा समजावून देण्याची गरज नाहीं. मागाहून शिजविल्यानें कांहीं जंतू मरतात हें खरें, परंतु कांहींनीं मागें सोडलेलें विष शिजवूनही जात नाहीं. रात्रीं वीज गेली तर हाच धोका आणखी वाढतो, कारण झोपलेल्या माणसाला ती किती वेळ गेली होती हें कळतही नाहीं. अर्धवट शिजून कोमट पडलेलें मिश्रण टाकून द्यावें. तेथें काटकसर पाहूं नये.

तेव्हां मार्ग निघतो तो संध्याकाळचा. सहाच्या सुमारास भिजवावें, सातच्या आंत लावावें, दहा-साडेदहाला काढावें, आणि सकाळीं फक्त गरम करावें. हा केवळ तडजोडीचा मार्ग नव्हे, त्यानें पदार्थ उलट अधिक चांगला होतो. तो कसा, हें कृति सांगतां सांगतां दिसेल.

तीन-चार लिटरच्या कुकरास 400 ग्रॅम पाव, 6 अंडीं, 600 मिलिलिटर दूध, 100 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ हें प्रमाण बरोबर बसतें. पाव कालचा असावा. ताजा पाव दुधांत पडतांच लगदा होतो; वाळलेल्या पावाची जाळी दूध पितेही आणि आकारही धरते. उन्हाळ्यांत काप ताटांत पसरून ठेवले तर दोनतीन तासांत पुरेसे कोरडे होतात. पावसाळ्यांत मात्र वाळण्यापूर्वींच पावावर बुरशी येते. तेव्हां काप कोरड्या तव्यावर मंद आंचेनें शेकून घ्यावेत, आणि बुरशीचा पाव 'तेवढा भाग काढून' वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षां खोल गेलेले असतात.

अंडीं, साखर आणि मीठ यांस आधीं घोटून मग दूध घालावें. सुवासासाठीं परदेशांत व्हॅनिला आणि दालचिनी घालतात; आपल्याकडची वेलची आणि जायफळ त्यांहून कमी नाहींत. आणि वसईच्या माणसाला येथें एक स्थानिक देणगी वापरतां येते, ती सुकेळीची. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळविलेलीं हीं तपकिरी-सोनेरी सुकेळीं वसई-आगाशीच्या पट्ट्यांतलीं. पांचसहा सुकेळीं चिरून थरांमध्यें घातलीं तर साखर पाऊणपट पुरते. ताजें केळें मात्र शिजवूं नये, तें काळें पडून पाणी सोडतें. तें वाढतांना वर घालावें.

कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यास आंतून तूप लावून काप एकमेकांवर थोडे चढवून रचावेत, मिश्रण ओतावें, कालथ्यानें हलकेंच दाबावें आणि अर्धा तास फ्रिजमध्यें भिजूं द्यावें. भिजवणें फ्रिजमध्येंच करावयाचें असल्यास तें दुसऱ्या पातेल्यांत करून मग कुकरांत ओतणें बरें, कारण थंडगार चिनी मातीचें भांडें एकदम तापलें तर तडकतें. पहिला तास 'हाय'वर आणि पुढें 'लो'वर ठेवावा, म्हणजे धोक्याची पायरी लौकर ओलांडली जाते. झांकणाच्या आंतून ठिबकणारी वाफ वरचा थर पाणचट करते, म्हणून झांकणाखालीं कोरडें फडकें घालून त्याचीं टोकें वर घेऊन बांधावीं. मोदकपात्राच्या बाबतींत हें आपल्याकडे प्रत्येक आजीस ठाऊक असतें, पण परदेशी यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकांत तें क्वचितच लिहिलेलें असतें. मध्यभागीं सुरीचें टोंक खुपसून पाहावें. तें स्वच्छ निघालें म्हणजे झालें. घरीं उष्णतामापक असेल तर मध्य निदान 71 अंशांपर्यंत गेला पाहिजे.

खर्चाचें गणित चौथीच्या मुलानेंही करावें असें आहे. कुकर 200 वॉटच्या आसपासचा असला, तर चार तासांत 800 वॉट-तास, म्हणजे एक युनिटही वीज लागत नाहीं.

झाल्यावर तो भांड्यांत तसाच रात्रभर ठेवूं नये. वड्या कापून पसरट डब्यांत काढाव्यात, म्हणजे लौकर निवतात, आणि दोन तासांच्या आंत डबा फ्रिजमध्यें जावा. सकाळीं त्या कुकरांत गरम करूं नयेत, त्याला फार वेळ लागतो. तव्यावर थोडें तूप सोडून दोन्ही बाजूंनीं परताव्यात. येथें संध्याकाळच्या मार्गाचा फायदा कळतो. स्लो कुकरची उष्णता उकळत्या पाण्याइतकीच, तर पावाला खमंग तांबूस रंग येण्यास 140 अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून कुकरांतून निघालेला पदार्थ मऊ पण फिकट असतो. तव्यावरच्या पांच मिनिटांत त्यास बाहेरून कुरकुरीतपणा येतो आणि आंत खरवसाचा मऊपणा राहतो. रविवारीं घाई नसते, तेव्हां सकाळीं सहाला लावून दहाला थेट भांड्यांतून वाढण्यास हरकत नाहीं.

ज्या घरांत अंडें चालत नाहीं तेथें कस्टर्ड पावडरीचा उपयोग होतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनें 1837 त ती काढली ती पत्नीस अंडें सोसत नव्हतें म्हणूनच, आणि तिचें बळ मक्याच्या पिठांत आहे. परंतु तें पीठ मंद आंचेवर नीट फुलेल याचा भरंवसा नसतो. दूध चुलीवर आधीं दाट करून घ्यावें, मग पावावर ओतावें आणि दीड-दोन तासच ठेवावें.

ज्यांच्याकडे स्लो कुकर नाहीं त्यांनीं मुद्दाम घेण्याची गरज नाहीं. तूप लावलेल्या डब्यांत हेंच मिश्रण भरून, झांकण घट्ट लावून, मोठ्या पातेल्यांतल्या हलक्या उकळत्या पाण्यावर खरवसासारखें पाऊण तास वाफवलें तर वडी तीच येते. फरक एवढाच, कीं तेवढा वेळ पाण्यावर नजर ठेवावी लागते. कुकर ती नजर ठेवण्याचें काम वांचवितो, आणि त्या वेळांत घरांतला कोणीही माणूस पाव रचूं शकतो, मिश्रण घोटूं शकतो, रात्रीं वड्या डब्यांत भरूं शकतो. फुलपाड्याच्या घरांत हें काम संध्याकाळीं लौकर परतणाऱ्यानें करावें, मग तो कोणीही असो. पहाटे तव्याखालचा गॅस पेटवण्यापुरतें उठावें लागतें, तें गाडीच्या पांच मिनिटें आधीं नव्हे, पण चारालाही नव्हे.