काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो का?

चर्चच्या मंडळीतले असाल किंवा नसाल, आजचा भाग सगळ्यांसाठी आहे. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, मुद्दे तेच आहेत.

मी बीटेक करून पुण्यात बॅकएंडचं काम करतो. वाढलो अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरात. गेल्या वर्षी एका शुक्रवारी आमच्या टीममधले निम्मे लोक कमी केले. मी राहिलो. पण तेव्हापासून रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि हात आधी फोनकडे जायचा: मेल आलाय का? सकाळी फॅमिली ग्रुपवर सूर्योदयाच्या फोटोवर छापलेलं वचन यायचं, काळजी करू नका म्हणून. वर कुणीतरी सांगायचं, प्रार्थना वाढव, विश्वास कमी पडतोय. आधी फक्त नोकरीची काळजी होती, आता आपण काळजी करतो याचीही काळजी.

ते वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं आहे, आणि फॉरवर्डमध्ये ते बहुतेक वेळा अर्धंच येतं. उरलेल्या अर्ध्यात पौल म्हणतो की जे मागायचंय ते आभार मानत देवाला कळवा. म्हणजे काळजी गिळून टाका असं नाही, ती बोलून दाखवा. हे तो कैदेत बसून लिहितोय. आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल तो काय सांगतो बघा. हा माणूस मरता मरता वाचला होता. तो गेला असता तर माझ्यावर आणखी एक दुःख कोसळलं असतं, आता त्याला तुमच्याकडे धाडलं की माझंही दुःख हलकं होईल, अशा अर्थाचं पौल मोकळेपणाने लिहितो. फॉरवर्डमधला पौल आणि हा पौल एकच आहे बरं का.

मला खरा आधार मिळाला तो स्तोत्रसंहितेत. एकूण 150 स्तोत्रं, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश रडगाणी आहेत. अभ्यासकांचा शब्द आहे विलापस्तोत्रं. तेरावं उघडा. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारलाय: हे कुठवर चालणार? मग मागणं, आणि शेवटी भरवशाचं बोलणं. मला ते चांगल्या बग रिपोर्टसारखं वाटतं: कुणाला सांगतोय, काय बिघडलंय, काय व्हायला हवं. फरक इतकाच की इथे तिकीट ‘वर्क्स ॲज डिझाइन्ड’ म्हणून बंद होत नाही.

पण प्रत्येक स्तोत्र असं सावरत नाही. अठ्ठ्याऐंशीवं शेवटपर्यंत काळोखातच राहतं, शेवटची ओळसुद्धा अंधाराचीच. ज्यांनी बायबलची पुस्तकं जपली त्यांनी ते गाळलं नाही. तीन वाजता मला याचाच धीर वाटायचा. आपल्या मनात जे चाललंय ते आधीच पवित्र शास्त्रात लिहिलेलं आहे, मग त्याची लाज कसली? विठोबाशी भांडणारी जनाबाई आपल्याला परकी नाहीच. आणि नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्तासाठी अभंगच लिहिले. हाक मारली ती माउलीला मारावी तशी. माउलीपुढे कुणी सभ्य भाषेत रडतं का?

येशूचं उदाहरण तर सरळच आहे. गेथशेमाने बागेत तो घाबरलेला आहे, व्याकूळ आहे. मित्रांना म्हणतो, जागे राहा. ते झोपतात. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात तो तीनदा प्रार्थना करतो, तिसऱ्यांदा तेच शब्द. नवे, सुंदर शब्द सुचत नसतील तर तेच पुन्हा म्हटले तरी चालतं. मला हे कळल्यावर प्रार्थना सोपी झाली. कधीकधी माझी प्रार्थना नुसती एका वाक्याची असायची: भीती वाटतेय, इथेच थांब.

ह्याने नोकरी पक्की झाली नाही. अजूनही कधीमधी तीनला जाग येते. पण आता फोनऐवजी आधी तिथे बोलतो, एकटं वाटत नाही, आणि बरेचदा परत डोळा लागतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पहिले राजे, अध्याय 19 मध्ये एलीया थकून झाडाखाली मरण मागतो. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. शरीराकडे बघणं हा अविश्वास नाही. धडधड, झोपमोड आठवडेच्या आठवडे चालली, जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा नंबर 14416, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचायला मिनिटभरही लागत नाही. हेडफोन काढून वाचा.