पाळतीचा अधिकार व त्यावरील बंधने

परराष्ट्रांसंबंधीच्या गुप्तवार्तेकरिता शासनाने लोकांचे संदेश किती वाचावेत, हा प्रश्न खानदेशातील अभ्यासकास दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तितका दूरचा नाही. अमेरिकेने 2008 मध्ये आपल्या कायद्यात घातलेले कलम 702 देशाबाहेरील परकीयांसाठी आहे. जळगावातील मातेने न्यू जर्सीतील मुलास ई-मेल पाठविला, तर त्या कायद्याच्या दृष्टीने परकीय ती माता होय. गुप्तवार्तेचे प्रयोजन दाखविले की तिच्यावरील पाळतीस न्यायालयाची स्वतंत्र आज्ञा लागत नाही. न्यायालय वर्षाकाठी केवळ कार्यपद्धती तपासते. मुलाचे शब्द ओघानेच संग्रहात येतात, आणि तेथील वाद मुख्यतः त्याच्यापुरता चालतो. तथापि कायदा मुदतीचा असल्यामुळे 2012, 2018 व 2024 मध्ये तेथील विधिमंडळास मुदतवाढीची चर्चा करणे भाग पडले.

आपल्याकडे अशी मुदत नाही. 1885 च्या तार अधिनियमातील अधिकार 2023 च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम 20 मध्ये बहुतांशी तसाच उतरला. परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हे त्यातील कारणांपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये गृहसचिवाची आज्ञा, दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांची कमाल मर्यादा व आढावा समिती ही बंधने घातली. परंतु आज्ञा देणारे सचिव आणि आढावा घेणारेही सचिवच. ज्याचे बोलणे ऐकले, त्यास ते कळविण्याची तरतूद नाही.

याचा परिणाम जळगाव जिल्ह्यातील एका प्रकरणात दिसतो. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे व संजय राऊत यांचे फोन 2019 मध्ये बेकायदा टॅप केल्याबद्दल मुंबईत 2022 मध्ये गुन्हा नोंदविला गेला. परवानगीच्या अर्जात निराळी नावे व 'समाजविघातक' असे वर्णन घातल्याचा आरोप होता. शासनाने खटल्यास संमती नाकारली, सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, आणि आरोपाचा खरेखोटेपणा साक्षीपुराव्याने ठरलाच नाही. प्रस्तुत लेखकास यातील व्यक्तींपेक्षा तो अर्ज महत्त्वाचा वाटतो. समितीपुढे येतो तो कागद. कागदावरील नावच दुसरे असेल, तर समितीने काय तपासावे?

मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील टॅपिंगच्या आज्ञा रद्द केल्या, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता. तेथे अर्जदारास टॅपिंग कळले ते आरोपपत्रामुळे. ज्याच्यावर खटला भरला जात नाही, त्यास तोही मार्ग नाही.