लायसन्स आहे हो, पण हात कसा आहे?

शनिवारी पहाटे सहाला ऑफिसची गँग वाशीच्या पुलाखाली जमते. टेम्पो ट्रॅव्हलर येते, बॅगा आत फेकल्या जातात, कुणीतरी गाण्यांसाठी ब्लूटूथ कुठे आहे ते विचारतं आणि गाडी कोलाडच्या राफ्टिंगला सुटते. निघण्याआधी आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळी चौकशी झालेली असते. लाइफ जॅकेट चांगली आहेत का, बोटीवरचा इन्स्ट्रक्टर ट्रेन्ड आहे का, जेवणात व्हेज वेगळं मिळेल का, सगळं. एकच गोष्ट विचारायची राहते. पुढच्या सीटवर बसलेला, चौदा जणांना तीन तास घेऊन जाणारा तो माणूस गाडी कशी चालवतो?

आपण विचारत नाही, कारण ते दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल असं आपण धरून चालतो. गाडीमालकाने, नाहीतर ट्रॅव्हल्सवाल्याने. ऑफिसच्या बसचं असेल तर अ‍ॅडमिनने. अ‍ॅडमिनवाले धरून चालतात की कॉन्ट्रॅक्टरने विचारलं असेल. मग खरोखर विचारतं तरी कोण?

ते बघायला कोलाडहून थोडं पुढे यायचं. तुमच्या राफ्टिंगची कुंडलिका खाली रोह्याला येते. एका काठाला रोहा, पूल ओलांडला की अष्टमी. दोन्ही गावं जुळी, नगरपरिषदही मिळून एकच. शेजारी धाटावची एमआयडीसी, तीही केमिकल कारखान्यांची. त्यामुळे ड्रायव्हरकी हे इथलं भरवशाचं काम. शिफ्टच्या बस आहेत, टँकर आहेत, स्टेशनवरच्या रिक्षा आहेत, लग्नसराईच्या गाड्या आहेत, एसटीचा डेपो आहे. पोरगा अठराचा झाला की आधी पेणच्या आरटीओत चक्कर, मग बाकीचं. एमएच-०६ म्हणजे पेण, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं.

अशा ठिकाणी ड्रायव्हरची मुलाखत साधारण कशी होते?

"कुठला रे तू?"

"अष्टमीचा, शेठ."

"आधी कुणाकडे होतास?"

"नागोठण्याला. ट्रॅव्हलर होती. दोन वर्षं."

"सोडलीस का?"

"पगाराचं जमेना."

"लायसन्स बघू."

कार्ड पुढे होतं. शेठ फोटो बघतो, मुदत बघतो, मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून ठेवतो. मग किल्ली टेबलावर सरकवतो, "चल, एक फेरी मारू." पुलावरून पलीकडे, बाजारातून परत, शेवटी गल्लीत रिव्हर्स. पोरगा गाडी लावत असताना शेठ नागोठण्याला फोन करतो, "पोरगा कसा आहे हो?" झाली मुलाखत.

एचआरमधल्या मंडळींना हसू येईल. ना फॉर्म, ना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, ना स्कोअरिंग. पण थांबा. सुप्रीम कोर्टाचं म्हणणं जवळपास हेच आहे. २००३ च्या लेहरू खटल्यात कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हर ठेवताना मालकाने लायसन्स बघावं, ते दिसायला खरं असावं, आणि माणसाची ट्रायल घ्यावी. आरटीओत जाऊन लायसन्स अस्सल आहे का, हे शोधत बसण्याची अपेक्षा मालकाकडून नाही. २०२२ मध्ये ऋषिपाल सिंग खटल्यात कोर्टाने पुन्हा हीच भूमिका घेतली. म्हणजे अष्टमीचा शेठ पास. उलट शेवटचा तो फोन तर त्याने कायद्याच्या वर जाऊन केला.

फक्त एक लक्षात ठेवायला हवं. या निकालांमधला प्रश्न अपघात टाळायचा नव्हता. अपघात झाल्यावर पैसे कुणी भरायचे, विमा कंपनीने की मालकाने, हा होता. ड्रायव्हरचं लायसन्स बोगस निघालं तर विमा कंपनी हात झटकते, मालक म्हणतो मला काय माहीत, आणि मध्ये अडकतं ते गेलेल्या माणसाचं कुटुंब. त्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून कोर्टाने मालकासाठी पट्टी खाली ठेवली, आणि ते बरोबरच झालं. गडबड आपण करतो. भरपाईसाठी जे पुरतं, ते नोकरीसाठीही पुरेल असं समजून बसतो.

कार्ड सांगत नाही ते

लायसन्स तुम्हाला काय सांगतं? माणूस कोण, कोणत्या वर्गाची गाडी चालवू शकतो, कधीपर्यंत. सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकली की हे ताडूनही बघता येतं, दोन मिनिटांचं काम. एवढंही कुणी करत नाही, हे वेगळं सांगायला नको. देशातली तीसेक टक्के लायसन्स बोगस आहेत, असं खुद्द नितीन गडकरी परिवहनमंत्री म्हणून अनेकदा म्हणालेत. तेव्हा ती दोन मिनिटं जरूर काढा.

पण हा माणूस सिग्नल तोडतो का, दारू पिऊन पकडला गेलाय का, गेल्या पाच वर्षांत किती वेळा कुणाला ठोकलंय, यातलं काहीच त्या कार्डावरून वाचता येत नाही.

पूर्वी थोडं तरी कळायचं. लायसन्स म्हणजे पुस्तक होतं तेव्हा कोर्टाने शिक्षा केली की त्यात शेरा पडायचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ही शेऱ्याची तरतूद आहे, आणि तिच्यात एक माणुसकीही आहे. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर ड्रायव्हरला कोरं लायसन्स मागण्याचा हक्क. फक्त वेगमर्यादेचा शेरा असेल तर वर्षभरातच. चुकलास, सुधारलास, चल पुढे. आज गाडीच्या पाकिटात ठेवायच्या प्लॅस्टिकच्या कार्डावर शेठने काय वाचायचं?

आणि दरम्यान सगळा खेळ नंबर प्लेटवर गेला. मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान आलं. कॅमेरा फोटो काढतो तो प्लेटचा, मेसेज जातो तो मालकाच्या मोबाइलवर. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाने सांगायला हवं, असं कायद्याचं कलम १३३ म्हणतं. पण विचारतं कोण, आणि सांगतं कोण? मालक दंड भरतो, पगारातून कापतो, विषय संपतो. ड्रायव्हर तिसऱ्या मालकाकडे जातो तेव्हा त्याच्या मागे तीन गाड्यांवरची चलानं राहिलेली असतात आणि तो स्वतः धुतल्या तांदळासारखा असतो. सेकंडहँड गाडी घेताना आपण तिच्यावर किती चलानं आहेत ते आवर्जून बघतो. ती चालवणाऱ्यावर किती आहेत, हे बघायची सोय मात्र अशी की बघून न बघितल्यासारखीच.

बाकीचं रेकॉर्डही आहेच, पण चार घरी वाटलेलं. एफआयआर पोलिस ठाण्यात, क्लेम विमा कंपनीत, भरपाईचा दावा ट्रायब्युनलमध्ये, खटला कोर्टात. आणि सगळ्यात खरं रेकॉर्ड नागोठण्याच्या शेठच्या डोक्यात. त्याचा मूड चांगला असेल तर कळणार. पोराने त्याची उचल बुडवली असेल तर सोन्यासारखा ड्रायव्हरही "भंगार आहे" ठरणार. आणि कटकट लवकर जावी असं वाटत असेल, तर "एक नंबर पोरगा!"

टँकरला लागतं, बसला नाही

कडक नियम आपल्याला करताच येत नाहीत, असं मात्र नाही. धाटावच्या गेटवरच बघा. घातक केमिकलचा टँकर चालवायला नुसतं ट्रान्सपोर्ट लायसन्स पुरत नाही. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण हवं, त्याची नोंद लायसन्सवर हवी, आणि ती ठरावीक मुदतीनंतर पुन्हा करून घ्यायची. वर माल पाठवणाऱ्या कारखान्याचीही जबाबदारी, की हा ड्रायव्हर शिकलेला आहे ना ते बघा. म्हणजे 'कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे, आम्हाला काय ठाऊक' ही पळवाट इथे बंद. त्याच गेटमधून शिफ्टची बस आत येते, तिच्यात चाळीस माणसं असतात. अ‍ॅसिडसाठी आपण जेवढे प्रश्न विचारतो, तेवढे या चाळीस जणांसाठी विचारत नाही. विचित्र वाटतं ना? मला तरी वाटतं.

दुसरं उदाहरण लाल डब्याचं. एसटीच्या चालकभरतीत पुण्याजवळ भोसरीला संगणकीकृत ट्रॅकवर चाचणी घेतली गेली. तिथे शेठची नजर नाही, ओळख नाही, चाक रेषेवर गेलं की मशीन नोंद करतं. आणि एसटी आणखी एक गोष्ट करते, जी मला फार आवडते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा सपत्नीक सत्कार. म्हणजे कुठेतरी, कुणीतरी, त्या माणसाच्या हातून *न झालेले* अपघात मोजत होतं! खासगी गाडीवर पंचवीस वर्षं एक ओरखडा न उठवणारा अष्टमीचा ड्रायव्हर हे कुणाला दाखवणार? पगारवाढ मागताना त्याच्याकडे पुरावा काय? रेकॉर्ड नसण्याचा तोटा जितका आपल्याला, तितकाच त्यालाही. उलट त्याला जास्त.

अर्थात सरकारी नोकरीची चाळणी लावली म्हणजे सगळं भागलं असंही नाही. २५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट डेपोतून एसटी घेऊन निघालेल्या चालकाने नऊ जणांचा जीव घेतला. तो एसटीचाच चालक होता. भरतीच्या दिवशी घेतलेली परीक्षा पुढच्या सगळ्या वर्षांची हमी देत नाही. आणि ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसने माणसं चिरडली, तेव्हा समोर आलं की चालकाला बस चालवायचा अनुभव होता, पण त्या जातीच्या बसचा अगदी थोडा. बस भाडेतत्त्वावरची, चालक कंत्राटदाराचा. 'अनुभव: दहा वर्षं' असं बायोडेटात दिसलं की पुढचा प्रश्न हवा, कशावर?

बाहेर काय करतात? ब्रिटनमध्ये लायसन्सचा कागदी भाग २०१५ मध्ये बंद झाला. आता ड्रायव्हर स्वतः वेबसाइटवरून एक कोड काढतो आणि नोकरी देणाऱ्याला देतो. त्या कोडवर पेनल्टी पॉइंट्स दिसतात, एकवीस दिवसांनी कोड बाद. अमेरिकेत ट्रक कंपनीला नव्या ड्रायव्हरचं मागच्या तीन वर्षांचं रेकॉर्ड राज्याकडून मागवावंच लागतं, आणि पुढे दरवर्षी पुन्हा. मला ब्रिटिश पद्धत जास्त पटते. चावी ड्रायव्हरच्याच हातात राहते, जुनं आपोआप गळून पडतं, आणि कुणा शेठच्या मूडवर काही अवलंबून नसतं. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने लायसन्सचं राष्ट्रीय रजिस्टर कायद्यात आणलंय. त्यातून असा एक कोड काढणं काही रॉकेट सायन्स नाही.

आपल्याकडचे नियम बहुतेक वेळा कुणीतरी गेल्यावर आलेत. २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओतली तरुणी रात्रपाळीला निघाली ती कंपनीच्याच कॅबने. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला तो कॅबच्या चालकाने आणि त्याच्या मित्राने. २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरच्या टॅक्सीचालकाने प्रवासी मुलीवर बलात्कार केला, आणि त्याच्याकडचा पोलिसांचा दाखलाच खोटा निघाला. २०२० मध्ये केंद्राने अ‍ॅप-टॅक्सी कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. पोलिस पडताळणी, किमान दोन वर्षांचा अनुभव, गेल्या सात वर्षांत दारू पिऊन चालवल्याची शिक्षा नसणं. चांगलंच आहे. पण राफ्टिंगची ट्रॅव्हलर आणि ऑफिसची बस कुठल्याच अ‍ॅपवर नसते.

तुम्ही अ‍ॅडमिनमध्ये असाल, किंवा ट्रिप ठरवायचं काम नेहमी तुमच्याच गळ्यात पडत असेल, तर एवढं करता येतं. लायसन्स पोर्टलवर ताडा. चलान त्याच्या लायसन्स नंबरावरही शोधा आणि आधीच्या गाड्यांचे नंबर मिळाले तर त्यांवरही. एका मालकाला नको, दोघांना फोन करा. ट्रायल त्याच गाडीवर घ्या जी त्याला चालवायचीय. आणि त्यालाच सरळ विचारा, "अपघात झालाय कधी?" या प्रश्नावर जो शांतपणे सांगतो की हो, वडखळला पावसात मागून ठोकली होती, माझीच चूक, अंतर ठेवलं नव्हतं, त्याला मी तरी लगेच नाही म्हणणार नाही. बारा वर्षं गाडी चालवून "छे, कधीच नाही" म्हणणाऱ्याला मात्र अजून दोन प्रश्न विचारीन.

रविवारी संध्याकाळी कोलाडहून परतताना गाडीत सगळे झोपतात. नागोठणं जातं, वडखळ जातं, पेणला कुणीतरी चहाला उठतं. शनिवारी रात्री तुम्ही कॅम्पवर गाणी म्हणत होतात तेव्हा तुमचा ड्रायव्हर कुठे झोपला होता, गाडीच्याच सीटवर, की झोपलाच नव्हता? हे कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही. चहाच्या टपरीवर त्यालाच विचारायला लागेल, आणि तो जांभई देत "चालतंय" म्हणाला, तर अर्धा तास तिथेच थांबावं लागेल.