माशांचा जिना

अमेरिकेच्या वायव्य भागात कोलंबिया नावाची मोठी नदी पॅसिफिक महासागरास मिळते. या नदीच्या डोंगराळ, थंड ओढ्यांत, खड्यांच्या आडोशाला सॅमन माशाचा जन्म होतो. लहानपणीच तो प्रवाहाबरोबर समुद्रात जातो. तेथे काही वर्षे राहून पुष्ट झाला, की अंडी घालण्यासाठी तो पुन्हा आपल्या जन्मस्थानी परततो. त्या ओढ्याच्या पाण्याचा वास तो विसरलेला नसतो! परतीच्या वाटेवर गोड्या पाण्यात तो अन्नही घेत नाही; अंगातील चरबीच्या बळावर शेकडो मैल प्रवाहाविरुद्ध पोहतो. अशा प्रवाशाच्या वाटेत धरणाची भिंत उभी राहिली तर?

१९३८ साली याच नदीवरील बॉनव्हिल धरणातून वीज मिळू लागली. हे धरण बांधतानाच माशांसाठी एक जिना केलेला होता. हा जिना म्हणजे पाण्याने भरलेल्या हौदांची चढती रांग. प्रत्येक हौद खालच्या हौदापेक्षा सुमारे एक फूट उंच असतो. मासा उडी घेऊन किंवा मधल्या भिंतीतील भोकातून वरच्या हौदात जातो, तेथे थोडा विसावतो आणि पुढे निघतो. पण एवढ्या रुंद नदीत जिन्याचे दार त्याला सापडावे कसे? वाहत्या पाण्याच्या रोखाने वर चढावे, हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून दाराशी पाण्याचा जोरदार झोत सोडतात. वाटेत काचेची खिडकी असते. तिच्यापाशी बसून माणसे जाणारा मासा अन् मासा मोजतात.

वर चढण्याची सोय झाली, तरी पिल्लांच्या उतरण्याचा प्रश्न राहतोच. वीज निर्माण करणाऱ्या चक्रांत सापडून ती दगावतात. म्हणून चक्रांच्या तोंडाशी जाळ्या लावून त्यांना निराळ्या वाटेने खाली सोडतात. काहींना तर नावांत भरून धरणे ओलांडून नेतात.

याच नदीवर वरच्या अंगास १९४२ मध्ये ग्रँड कूली धरण पुरे झाले. त्याची उंची पाचशे फुटांहून अधिक. तेथे जिना बांधलाच नाही, आणि वरच्या शेकडो मैलांचा प्रवाह सॅमनला कायमचा बंद झाला. तेथील मूळ रहिवाशांचे जीवन या माशावर अवलंबून होते. केटल धबधब्यावर ते पिढ्यान् पिढ्या मासे धरीत. तो धबधबा धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, १९४० च्या जून महिन्यात, अनेक जमाती तेथे जमल्या आणि त्यांनी आपल्या माशांना साश्रू निरोप दिला.

पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथील कॉलव्हिल जमातींनी काही सॅमन आणून या धरणाच्या वरच्या पाण्यात आपल्या हातांनी सोडले.